तिकडे पोराची लाज, इकडे लोकायची

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांवर एक लेख आला होता. त्यात स्वीडनचं नाव घेऊन लिहिलं होतं की तिकडे आईबाप थकले की पोरं त्यांना सरकारच्या हवाली करून मोकळी होतात, आणि आपल्याकडे पहा, संस्कारामुळे घरोघरी म्हातारी माणसं कशी सुखाने नांदतात. लेख गावात भल्ला फिरला, व्हॉट्सॲपवर चार ग्रुपमधून मलाच आला, कारण मी तिकडे राहून आलेली हे सगळ्यांना माहीत आहे. किराणा दुकानात एका काकांनी तोंडावरच विचारलं, "काहून वं सूनबाई, तिकडं बुढ्यायले खरंच फेकून देतात काय?" आता दुकानात उभं राहून काय सांगू, तेलाचा पुडा घेतला आणि आली घरी. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण अर्थ कापू नका एवढी विनंती.

स्वीडन म्हटलं की आमच्या गावात दोनच गोष्टी माहीत, एक बोफोर्स आणि दुसरी व्होल्वो, त्यातही व्होल्वो म्हणजे पुण्याला जाणारी कोणतीही एसी ट्रॅव्हल्स. सासूबाईंच्या माळ्यावर पंपाचा जुना स्टो पडला आहे, त्याला त्या अजून प्रायमसच म्हणतात, तर तो प्रायमस पण मूळचा तिथलाच, १८९२ मध्ये स्टॉकहोममध्ये पहिल्यांदा निघाला, हे मला तिकडे गेल्यावर समजलं. देश आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास दीडपट आणि माणसं जेमतेम एक कोटी पाच-सहा लाख. एकट्या विदर्भात २०११ च्या जनगणनेत दोन कोटी तीस लाख होते. मग रस्त्यावर माणूस दिसणार कुठून.

मिस्टर कारखान्यात रोबोट बसवायच्या कामात आहेत, त्यांना पुण्याहून उमेओ म्हणून शहर आहे तिथे पाठवलं, स्टॉकहोमच्याही वर साडेसहाशे किलोमीटर. २०१८ च्या ऑक्टोबरात मी आणि मुलगा मागून गेलो. डिसेंबर लागला तर सकाळी साडेनऊला उजाडायचं आणि दुपारी दोनला अंधार, मी पहिल्या हिवाळ्यात खिडकीत बसून नुसती रडायची. आधी त्यांचा तो पर्सून-नुम्मेर मिळवायचा, आपल्या आधारसारखा, तो हातात येईपर्यंत बँकेत खातं नाही, खातं नाही तर मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत, आणि रोख पैसे घेणारं दुकान शोधावं लागतं. बसस्टॉपवर दोन माणसांच्या मधे एक बैलजोडी उभी राहील एवढी जागा सोडतात. शेजारचा माणूस लिफ्टमध्ये "हेय" म्हणायचा आणि मग आपल्या बुटांकडे पाहत उभा राहायचा. पाच वर्षं "हेय". मला वाटायचं आमच्या फोडणीचा वास येतो म्हणून राग असेल, पण तो सगळ्यांशीच तसा, स्वतःच्या भावाशी पण (भाऊ तिसऱ्या माळ्यावर राहायचा).

भाषेचा क्लास सरकार फुकट देते, बाहेरून आलेल्यांसाठी. तिथे मात्र मजा आली. थँक्यूला ते लोक ताक म्हणतात. कसं काय विचारलं की उत्तर देतात "ब्रा", हसू नका, म्हणजे आपलं बरं. आईची आई म्हणजे मुरमुर, मी वहीत मुरमुरे लिहून ठेवलं, पुन्हा विसरली नाही. आणि इंग्रजीसारखं सगळ्यांना अंकल-आंटी नाही बरं का, मामाला वेगळा शब्द, काकाला वेगळा, मावशी वेगळी, आत्या वेगळी. ज्या भाषेत आत्या-मावशी वेगळी ठेवली त्या लोकांना नात्याची कदर नाही असं मला तरी म्हणवत नाही.

जड गेलं ते "दू". दू म्हणजे तू. साहेबाला तू, डॉक्टरला तू, नव्वद वर्षाच्या म्हातारीला नावाने हाक मारून तू. पूर्वी त्यांच्याकडेही पदाने आणि आडनावाने बोलायची पद्धत होती, साधारण साठच्या दशकाच्या शेवटी ती गेली, आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबानेच १९६७ मध्ये ऑफिसात सांगून टाकलं की आजपासून मी सगळ्यांना तू म्हणणार. मी दारव्हा तालुक्यातली, नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायला उखाणा लागतो, मी काय आजीबाईला नावाने हाक मारणार. नावापुढे हळूच "आजी" लावायची. त्यांना वाटायचं हे माझ्या भाषेतलं हॅलो.

कारण हो, मी कामच ते केलं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन करायची सेवा, हेमशेन्स्त म्हणतात. त्यात बाहेरच्यांना शिरायला उन्हाळ्याची वाट. तिकडे कायद्याने वर्षाला पाच आठवडे सुट्टी आणि त्यातली चार सलग उन्हाळ्यात घ्यायचा हक्क, म्हणून जुलैत देशच बंद पडल्यासारखा होतो आणि बदली माणसं लागतात. मी कोर्स केला आणि २०२० च्या उन्हाळ्यात बदलीवर लागली, पुढे कायम झाली. माझ्यासोबत सोमालियाची, सिरियाची, थायलंडची बाई. सकाळच्या चहाला, म्हणजे त्यांच्या फीकाला, सगळ्या एका टेबलावर, कॉफी आणि वेलची घातलेला गोड पाव. फीका टाळला तर साहेब विचारायचा की काही प्रॉब्लेम आहे का.

पद्धत सांगते, कारण लेखात "सरकारच्या हवाली" एवढंच लिहून सोडून दिलं होतं. जबाबदारी नगरपालिकेची असते, त्याला कोमुन म्हणतात. माणूस थकला की कोमुनची बाई घरी येऊन बसते, काय जमतं काय जमत नाही विचारते, आणि ठरवते की याला सकाळी नाष्टा, गोळ्या, आठवड्याला दोनदा आंघोळ, रात्री एक चक्कर. बहुतेक लोक शेवटपर्यंत स्वतःच्याच घरात राहतात, आश्रमात जाणारे अगदीच थकलेले. किती का तास लागेना, सेवेचे पैसे महिन्याला अडीच हजार क्रोनाच्या आसपास, त्याच्या वर घेता येत नाहीत, ही मर्यादा २००२ पासून कायद्यातच आहे. एक क्रोना म्हणजे तेव्हा आपले आठ-नऊ रुपये. पेन्शन कमी असेल तर त्याहून कमी किंवा काहीच नाही. बाकीचा पैसा टॅक्सातून, पगाराचा साधारण तिसरा हिस्सा कोमुन आणि प्रांत घेऊन जातात, आणि लोक कुरकुरतात पण भरतात. मनगटाला एक पट्टा असतो, त्यावर बटण, त्याला लार्म म्हणतात. पडलं झडलं की दाबायचं, रात्री दोनला दाबलं तरी कोणीतरी निघतं.

आता माझी एक आजी. नाव नाही लिहीत. एकोणनव्वद वर्षं, एकटी, पोरगा लुलेओला, अडीचशे किलोमीटरच्या वर. पहिल्या दिवशी मी विचारलं कॉफी ठेवू का, तर तिने तोंडाने जोरात हवा आत ओढली, श्युप! मला वाटलं दम लागला, मी पंप शोधायला धावली. ती हसून बेजार. त्या भागात "हो" असंच म्हणतात, श्वास आत ओढून. मग स्वेटरची बटणं. तिचे हात थरथरायचे, एक बटण लावायला दोन मिनिटं. मी आपली आपल्या सवयीने पुढे झाली आणि लावून दिलं. तिने ते काढलं. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कान शेल्व." म्हणजे मला येतं. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी हात मागे बांधून उभी, मोबाईलवर माझे पंधरा मिनिटं पळून रायले, पुढच्या घरी उशीर, आणि ही पाच बटणं लावून रायली. तेव्हा राग आला. नंतर ट्रेनिंगवाल्या बाईने सांगितलं की बटण तू लावलंस तर महिन्याभरात ती बटण लावायचं विसरेल, तुझं काम उभं राहणं आहे. आपल्याकडे सासूला बटण लावू दिलं आणि सून नुसती उभी राहिली तर गाव काय म्हणेल याचा विचार करा.

एकदा मी विचारलंच तिला, पोराकडे काहून जात नाही. ती म्हणे, "ते त्याच्या बायकोचं किचन आहे. मी तिथे रोज विचारून चहा करू काय?" पोरगा रोज संध्याकाळी सहाला फोन करायचा, बिलं तोच भरायचा, दर उन्हाळ्यात दोन आठवडे घेऊन जायचा. पण त्याने आंघोळ घालावी हे तिला मरणाहून वाईट वाटायचं. आंघोळ मी घालायची, परकी, पगारी. त्याची लाज नाही. तिकडचं म्हातारं माणूस पोराकडून सेवा घ्यायला लाजतं, हे मला समजायला दोन वर्षं लागली, आणि हे समजल्याशिवाय त्या देशाबद्दल लेख लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मी त्यांची भलामण करायला नाही बसली. एकटेपणा आहेच, जवळपास निम्म्या घरात एकच माणूस राहतो. माझी आजी दर वेळी दोन कप मांडायची, आणि मला बसायला टाईम नसायचा, मी उभ्याने अर्धा कप प्यायची. सगळं मिनिटात मोजलेलं, नाष्टा पंधरा, गोळ्या पाच, जणू काही माणूस नाही सोयाबीनचं पोतं आहे. आणि कोरोनात तर पहिल्या लाटेत आश्रमांमधे फार म्हातारी माणसं गेली, एप्रिल ते सप्टेंबर २०२० भेटायला बंदी, लोक खिडकीच्या बाहेर उभं राहून हात हलवायचे. चौकशी आयोगाने डिसेंबरात लिहून दिलं की म्हाताऱ्यांना वाचवण्यात आपण अपयशी ठरलो, त्यांच्या राजानेही टीव्हीवर तेच म्हटलं. हे पण लिहायला पाहिजे होतं लेखात, नाही का. पण एक सांगते, कोणी शेवटच्या घटका मोजत असेल तर एक बाई नुसती बाजूला बसायला देतात, रात्रभर, दुसरं काही काम नाही. मी चार वेळा बसली. जीव गेला की खिडकी थोडी उघडायची आणि मेणबत्ती लावायची. आणि मग महिन्याभरात कधीतरी अंत्यविधी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. आपल्याकडे सूर्य मावळायच्या आत घाई.

आता जे सांगायचं ते सांगते.

२०२३ चा पोळा. आदल्या दिवशी संध्याकाळी खांदशेकणी. सासरे जाऊन सात वर्षं झालेली, आमचे बैल तेव्हाच विकले, दीर पुण्यात, नणंद अमरावतीला, आम्ही उमेओत, सासूबाई घरी एकट्या. त्या शेजारच्यांच्या गोठ्यात जाऊन आल्या, बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" चाललं होतं ते पाहून आल्या, आतून कडी लावली. रात्री अकराच्या सुमारास मागच्या न्हाणीत पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ओरडल्या, पण टिनावर पाऊस इतका की कोणाला ऐकू जाणार. सकाळी साडेपाचला दूधवाल्याने कडी वाजवली, दार उघडेना म्हणून दुसऱ्या पोट्ट्याला भिंतीवरून आत उतरवलं. साडेसहा तास बाई ओल्या फरशीवर पडून होती.

त्यांचा पाय घसरला तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात. मी ड्युटीवर. त्याच वेळेला एका म्हाताऱ्याचा लार्म वाजला, खुर्चीवरून घसरला होता, मी गाडी काढून अकरा मिनिटात पोचली आणि त्याला उठवून बसवलं. तो म्हणे "ताक, ताक". हे मी नंतर घड्याळाचे तास मिळवून पाहिलं आणि मग मला रात्रभर झोप नाही.

तिकिटं काढली. माझ्या ड्युट्या सोमालियाच्या बाईने न विचारता स्वतःच्या नावावर घेतल्या. पहाटे चारला एअरपोर्टला जायला निघालो तर तो "हेय"वाला शेजारी खाली गाडी सुरू करून उभा. त्याला कोणी सांगितलं माहीत नाही, बहुतेक पोराने शाळेत सांगितलं असेल. पूर्ण रस्ता एक शब्द नाही बोलला. बॅगा उतरवल्या आणि म्हणाला, "तुमच्या झाडांना पाणी मी घालतो." बस.

ऑपरेशन नागपूरला झालं, दोन महिने मी इथे राहिली, मग परत गेली. आजीने दोन कप मांडले आणि विचारलं काय झालं. सांगितलं. ती म्हणे, तिच्याकडे लार्म नव्हता? नाही. मग रात्री कोण येतं? कोणी नाही. ती जरा थांबली आणि म्हणाली, "पण तू तर सांगायचीस तिकडे सगळे एकत्र राहतात."

त्या दिवशी मी बसून पूर्ण कप प्यायली, उशीर झाला तर झाला.

गेल्या वर्षी आम्ही कायमचे आलो. इथे येऊन आमच्या आळीत एकटी-दुकटी म्हातारी माणसं किती ते बोटावर मोजायला बसली, एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याचीही संपत आली. सगळ्यांची पोरं पुणे, नागपूर, सुरत. वाईट नाहीत पोरं, पैसे पाठवतात, दिवाळीला येतात. शासनाचं म्हणाल तर श्रावणबाळचे महिन्याला १५०० रुपये. २००७ चा आईबापांच्या सांभाळाचा कायदा आहे, त्यात महिन्याला दहा हजारापर्यंत पोटगी मिळू शकते, पण त्यासाठी आईने पोरावर एसडीओकडे अर्ज करायचा. कोणती माय करते सांगा. आणि न्हाणीत पडलेल्या बाईला पोटगीचा काय उपयोग, तिला कोणीतरी दार वाजवणारं पाहिजे.

मी बचत गटात विषय काढला. पैसा लागत नाही, मशीन लागत नाही, प्रत्येकीने आपल्या बाजूची दोन घरं घ्यायची, सकाळी सातपर्यंत दार उघडलं का ते पाहायचं आणि रात्री झोपायच्या आधी एक हाक मारायची. बायका लगेच तयार. तयार नाही झाली ती म्हातारी माणसं. एक आजी तर अंगावर आली, "माह्या पोराचं नाव खराब कराचं हाय काय तुले? लोक म्हणतीन पोरगं मेलं काय हिचं." दुसऱ्या बाबांनी आशाताईलाच सांगून पाठवलं की आमच्याकडे कोणाला पाठवू नका, आम्ही काही बेवारस नाही. तिकडे पोराकडून घ्यायची लाज, इकडे परक्याकडून घ्यायची लाज, आणि दोन्हीकडे म्हातारं माणूस तेवढंच हट्टी. फरक एवढाच की त्यांनी त्या लाजेला धरून एक सोय उभी केली, आपण आपल्या लाजेवर लेख लिहितो. बोलली जास्त, माफ करा, पण राहवलं नाही.

तुमचे वार्ताहर तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांना एकदा रात्री नऊनंतर गावात फिरायला सांगा आणि ज्या घरात एकच दिवा आहे तिथे जाऊन विचारायला सांगा की रात्री काही झालं तर कोणाला हाक मारता. ते छापा. स्वीडनचं नंतर पाहू.

सासूबाई आता काठीने चालतात. त्यांनी पण आधी नाहीच म्हटलं. मग मी खुंटीवरची बैलाची जुनी घुंगरमाळ काढली, चिंचेने घासली आणि त्यांच्या बाजेला बांधून दोरी उशाशी ठेवली. पंधरा दिवस त्यांनी हात लावला नाही, मी काय ढोर आहे काय म्हणे. परवा पहाटे चारला माळ वाजली. मी धावत गेली, मागून मिस्टर, पोरगं. बाई बाजेवर मजेत बसलेल्या.

"काही नाही वं," म्हणे, "वाजते का म्हून पाह्यलं. उठलीच हायस त चहा ठेव."

आपली,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ